पडदाभर रीजिस

रीजिस हुडाकनं उभा जन्म पिट्सबर्गच्या चढउतारांवर बस चालवली आणि एकदाही कुणाला घासली नाही. त्याबद्दल कुणी कौतुक केलं की तो "हं, त्यात काय" म्हणून मोकळा व्हायचा. पण एखाद्या सिनेमात गर्दीतला माणूस म्हणून उभा राहून आला की आठवडाभर स्वारी हवेत.

आमच्या गावातल्या पोलादाच्या भट्ट्या विझल्या आणि मागोमाग सिनेमावाले आले. त्यातही जास्त करून विनोदी सिनेमावाले. का, ते त्यांनाच ठाऊक! उभ्या कड्यासारख्या गल्ल्या, जिकडे तिकडे पूल, आणि चुकीच्या पुलावर चढून तासभर परत न येणारी माणसं, हे सगळं बघून कॅलिफोर्नियाच्या लोकांना हसू फुटत असणार. हसोत बापडे. ज्या गावानं देशाला इतकी वर्षं लोखंड पुरवलं, त्यानं आता थोडं हसू पुरवलं तर बिघडलं कुठे?

असा कुठलाही सिनेमा आला की गर्दीसाठी माणसं लागायची, आणि रांगेत पहिला रीजिस. एका सिनेमात त्याचा डावा कान आला. दुसऱ्यात टोपी आली. तिसऱ्यात तो हॉकीच्या सामन्याला एका जाडजूड बाईच्या मागे बसून जिवाच्या आकांतानं ओरडला होता. बाई छान आली.

"शेवटी कानाचं नाव तरी छापायचं होतं," शेजारचा स्टश त्याला बारमध्ये म्हणायचा. "आम्ही कानाची सही घेतली असती."

रीजिस ते हसण्यावारी न्यायचा. लग्न राहून गेलेलं, सख्खं भावंड कुणी नाही. टिंगल करायला शेजारी तरी आहेत यातच त्याला बरं वाटायचं. एका माणसापुढे मात्र त्याला काहीच हसण्यावारी नेता येत नव्हतं, आणि ती म्हणजे त्याची आई.

पॉलिन हुडाक नव्वदीच्या पुढची. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायची. पाय थकले होते, जीभ अजिबात थकली नव्हती. "माझा मुलगा पिक्चरमध्ये असतो," हे तिनं तिथल्या प्रत्येक म्हातारीला, नर्सला आणि भेटायला येणाऱ्या पाद्रीबाबांनाही सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारी आश्रमात सिनेमा दाखवायचे. आपल्या गावात काढलेला असला की पॉलिन आपली चाकाची खुर्ची पडद्याला नाक लागेल इतकी पुढे न्यायला लावायची. मागे सगळे पोट धरधरून हसायचे आणि ही बाई हूं की चूं न करता, कपाळाला आठ्या घालून गर्दीत पोरगा शोधत बसायची.

"दिसला का गं?" मागून फिलोमिना टुची विचारायची. फिलोमिनाचा मुलगा दातांचा डॉक्टर. दर रविवारी केक घेऊन यायचा आणि सगळ्यांना दिसायचा.

"आत्ताच गेला. तू तेव्हा पेंगत होतीस," पॉलिन ठणकावून सांगायची.

खरं तर तिलाच दिसत नव्हतं. डॉक्टरांनी रीजिसला बाजूला घेऊन सांगितलं होतं, डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय, उपाय नाही. बारीकसारीक गेलंच आहे, आता माणसांचे चेहरे जातील. अगदी भिंतीएवढं मोठं काही असलं तर अजून वर्षभर दिसेल. मग तेही नाही.

खाली गाडीत येऊन बसल्यावर रीजिसला एकच गोष्ट कळली. आईला आपला मुलगा एकदा तरी पडद्यावर दिसायचा असेल, तर आता कानानं आणि टोपीनं भागणार नव्हतं.

आणि त्याच उन्हाळ्यात सिनेमा थेट आमच्या गल्लीत आला.

गोष्ट काय, तर बाहेरगावचा एक तरुण ऐन हिवाळ्यात पिट्सबर्गला राहायला येतो आणि त्याला इथलं ओ की ठो कळत नाही. एवढंच. हिरोला हिवाळ्यात सवड नव्हती म्हणून हिवाळा जुलैत करायचं ठरलं. दिग्दर्शकाची मदतनीस टेसा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं चर्चच्या तळघरात गल्लीतल्या लोकांना एकेक करून बोलावलं.

"मिस्टर हुडाक, या चढावर तुम्हाला गाडी उलटी घेऊन लावता येईल?"

"बाई, मी या चढावर बस लावलीय. बर्फात. आत लोक भांडत असताना."

टेसा हसली. "मग हे काम तुमचंच. एक वाक्यही आहे. आणि बॉनेटवर आम्ही कॅमेरा बसवणार, काचेतून सरळ तुमच्यावर. चेहरा पडदाभर येईल."

रीजिस खुर्चीतून पुढे सरकला. "पडदाभर म्हणजे? भिंतीएवढा?"

"भिंतीएवढा!"

त्यानं तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. काम काय आहे ते विचारायचं राहूनच गेलं. घाई नडते म्हणतात ती अशी.

आता आमच्याकडची रीत अशी आहे, की बर्फ पडलं की माणूस फावडं घेऊन आपल्या दारापुढची गाडीपुरती जागा उपसून काढतो, आणि गाडी घेऊन बाहेर पडताना तिथे घरातली एक खुर्ची ठेवून जातो. झालं. तो परत येईपर्यंत ती जागा त्याची. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. पोलीसही खुर्ची बघून गाडी पुढे काढतात. इथे सख्खे भाऊ वाटणीवरून कोर्टात गेलेत, नवराबायकोंनी काडीमोड घेतलेत, पण दुसऱ्याची खुर्ची उचलून तिथे आपली गाडी लावणारा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणी लावलीच, तर सकाळी ती गाडी बर्फाच्या लादीत सापडते. पाण्याचा पाइप कुणी सोडला, ते सगळ्या गल्लीला माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं.

आणि रीजिसचं काम होतं खुर्चीचोराचं! गाडीतून यायचं, खुर्ची दिसली की दात विचकून हसायचं, उतरून ती फूटपाथवर भिरकावायची आणि "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" असं ओरडून गाडी लावायची. मग गल्ली त्याच्यावर तुटून पडणार आणि हिरोला इथली रीत कळणार.

"खुनी द्या म्हणावं मला," रीजिस स्टशपुढे रडला. "खुनी करतो, दारुडा करतो, पण हे काय रे!"

"आई काय म्हणेल तुझी?" स्टशनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

आई काय म्हणेल ते रीजिसला पक्कं माहीत होतं. तो लहान असताना पॉलिननं चर्चच्या पायरीवर, सगळ्यांदेखत, एका भल्या माणसाची बिनपाण्यानं केली होती. का, तर त्यानं कुणाची तरी खुर्ची पायानं जराशी सरकवली होती. उचललीही नव्हती. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. काम सोडलं तर आईला मुलगा कधीच दिसणार नाही, आणि केलं तर भिंतीएवढा खुर्चीचोर दिसणार.

"या वेळी मोठं काम आहे, आई," त्या रविवारी तो म्हणाला. "चेहरा पडदाभर."

पॉलिननं त्याचा हात घट्ट धरला. "करायचं काय आहे?"

"गाडी चालवायची."

खोटं तर नव्हतं. संध्याकाळच्या आत सगळ्या आश्रमाला बातमी कळली होती, फिलोमिनाला दोनदा.

एवढ्यानं भागलं नाही. सिनेमावाल्यांनी आणलेल्या खुर्च्या कोऱ्या करकरीत होत्या. दिग्दर्शक लँगलीसाहेब म्हणाले, "ह्या कसल्या? मला खरी हवी." आणि गल्लीतून चालताना त्यांना व्हर्ना गायडोसच्या पोर्चमध्ये हवी तशी दिसली. पिवळ्या रेक्झिनची, नळीच्या पायांची, पाठीला काळी चिकटपट्टी मारलेली स्वयंपाकघरातली खुर्ची. व्हर्ना म्हणजे रीजिसच्या समोरची. नवरा एमिल जाऊन तीन हिवाळे झाले होते. गाडी तिनं विकली, पण एमिल दर बर्फाला बाहेर ठेवायचा ती खुर्ची पोर्चमधून हलवली नव्हती. तिला वाटलं हिरो बसणार आहे. तिनं ती आनंदानं दिली, वर पुसूनही दिली.

तालमीच्या दिवशी तिला खरा प्रकार कळला.

"रीजिस," ती पोर्चमधून म्हणाली, "एमिलची खुर्ची तू फेकणारेस?"

"सिनेमा आहे गं व्हर्ना. सगळं खोटं खोटं."

"खुर्ची खरी आहे."

रीजिस रस्ता ओलांडून तिच्या पायरीशी आला.

"शब्द दिलाय म्हणून परत मागत नाही मी. पण तू हो म्हणालास ना, ते लक्षात ठेवीन." आणि तिनं जाळीचं दार धाडकन लावून घेतलं. दर गुरुवारी तिच्याकडून रीजिसकडे कोबी-नूडल्सचं भांडं यायचं, ते त्या गुरुवारी आलं नाही.

शूटिंगच्या दिवशी भल्या सकाळी सिनेमावाल्यांनी यंत्रं लावून गल्लीभर नकली बर्फ उडवलं. कागदाचा भुगा आणि फेस, पण काय हुबेहूब! छपरं पांढरी, गाड्या पांढऱ्या. टेसा कॉफी आणायला गेली आणि परत येऊन बघते तर काय, रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खुर्च्या. घडीच्या, लाकडी, बागेतल्या, कुणाची इस्त्रीची घोडी, आणि स्टशच्या दारात तर लहान बाळाला जेवू घालायची उंच खुर्ची.

"अहो, हे काय केलंत?" टेसा रडकुंडीला आली. "एकच खुर्ची हवीय आम्हाला! एकच!"

स्टश अर्ध्या चड्डीत, घाम पुसत उभा होता. "काय करू पोरी? डोळे उघडले, पांढरं दिसलं, हात आपोआप गेला. उठून कॉफी प्यायलो तेव्हा आठवलं जुलै आहे म्हणून."

घराघरांतून विनवण्या करून खुर्च्या आत न्यायला लावेस्तोवर ऊन चांगलंच वर आलं. मग गल्लीतल्या लोकांना दोन्ही बाजूंना उभं केलं. जुलैच्या उन्हात सगळे लोकरीचे कोट आणि कानटोप्या घालून आरडाओरडा करायला तयार. व्हर्ना आपल्या पोर्चमध्ये हाताची घडी घालून उभी. आणि रस्त्याच्या कडेला उपसलेल्या जागेत मधोमध, एकटी, एमिलची खुर्ची.

"ॲक्शन!"

रीजिस हिरव्या गाडीतून चढ चढून आला. बॉनेटवरचा कॅमेरा त्याच्याकडे रोखलेला. त्यानं मनात आईचा चेहरा आणला, दात विचकायची तयारी केली आणि खुर्चीकडे बघितलं. पाय ब्रेकवर जायला हवा होता. गेलाच नाही. खुर्ची दिसली, की पुढे जायचं, हे त्या पायाला इतक्या वर्षांत इतकं मुरलेलं होतं, की गाडी खुर्चीला नीट वळसा घालून, वर मान तुकवल्यासारखी जरा हळू होऊन, सरळ पुढे निघून गेली. चर्चला वळसा घालून रीजिस परत आला.

"काय झालं?" लँगलीसाहेबांनी विचारलं.

"पुढे गेलो."

"ते दिसलं आम्हाला."

दुसऱ्या वेळी तेच. या वेळी त्यानं ब्रेकवर पाय दिलाही होता, पण मग "अरे, ही तर घेतलेली जागा" असं तोंडातल्या तोंडात पुटपुटून तो मोठ्या गंभीर चेहऱ्यानं पुढे गेला. गल्लीतले लोक तोंडात मफलर कोंबून हसत होते.

"मिस्टर हुडाक, खुर्ची उचलायची आहे. उ-च-ला-य-ची!"

"माहितीये हो मला! पायाला सांगा!"

तिसऱ्या वेळी गाडी खरंच थांबली. रीजिसनं दारावर हात ठेवला. पडदाभर चेहरा, भिंतीएवढा, हातात एकच वर्ष आहे, असं सगळं त्यानं स्वतःला बजावलं. मग त्याला पाठीची काळी चिकटपट्टी दिसली. ती चिकटपट्टी एमिलनं लावली तेव्हा दुसरं टोक धरायला रीजिसच उभा होता. त्यानं हात दारावरून काढला आणि गाडी पुढे नेली. आणि या वेळी परत आलाच नाही.

सगळे वाट बघत थांबले. उन्हात फेसाचं बर्फ गळायला लागलं. टेसा वायरलेसवर ओरडत होती. बऱ्याच वेळानं चढाखालून एक माणूस धापा टाकत चालत येताना दिसला. हातात किल्ली.

"गाडी कुठाय?" लँगलीसाहेब खेकसले.

"चर्चच्या मागे जागा मिळाली," रीजिस म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर खरोखरचं समाधान होतं. "मस्त सावलीत लागलीय."

गल्ली अशी हसली की कबुतरं उडाली. लँगलीसाहेब हसले नाहीत. त्यांनी लॉस एंजेलिसहून आणलेल्या एका नटाला रीजिसचा कोट चढवला. त्यानं पहिल्याच फटक्यात गाडी थांबवली, दात विचकले आणि खुर्ची अशी भिरकावली की तिचा एक पाय वाकला. लोकांनी त्याला जे काय ऐकवलं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. बिचारा नट घाबरून गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली.

टेसानं रीजिसला एक टोपी भेट दिली. "मनाला लावून घेऊ नका हं," ती म्हणाली. बॉनेटवरचा कॅमेरा काढणारा पोऱ्या कुरकुरत होता, की हा आणि गल्लीतला दुसरा, दोन्ही मधे कुणी बंदच केले नाहीत, बॅटऱ्या पार मेल्यात. त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता.

रीजिस व्हर्नाच्या पायरीशी गेला. "दे, पाय सरळ करून देतो."

"हात लावू नकोस," व्हर्ना म्हणाली. "तू हो म्हणाला नसतास तर हे झालंच नसतं." आणि खुर्ची कडेवर घेऊन आत गेली.

आईला हे सांगायचं धैर्य रीजिसला काही झालं नाही. दर रविवारी ठरवून जायचा आणि दर रविवारी ती विचारायची, "कधी येणार रे तुझं पिक्चर?" हा म्हणायचा, "फेब्रुवारीत." नाताळच्या सुमारास एकदा तो खोलीत शिरला आणि ती म्हणाली, "या फादर, बसा." त्यानं "आई, मी" म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, दारातून उजेड डोळ्यांवर येतो. त्या दिवशी रीजिसला आपल्या स्वतःच्या पायाचा असा संताप आला!

फेब्रुवारी उजाडला. सिनेमावाल्यांनी रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात गल्लीसाठी खास खेळ ठेवला. आदल्या दिवशी खरं बर्फ पडलं, गुडघाभर. रीजिसनं सकाळी फावड्यानं जागा उपसली आणि आईला आणायला निघाला. तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव करता करता तो खुर्ची ठेवायलाच विसरला. टेकडी चढल्यावर त्याला ते आठवलं. जन्मात पहिल्यांदा असं झालं होतं. गेली जागा, तो मनाशी म्हणाला, चला, आजचा दिवसच तसला आहे.

"आई, एक सांगायचंय," गाडीत तो म्हणाला.

"नंतर सांग. केस नीट आहेत का माझे?"

तळघरात समोरची भिंतच पडदा होती. पॉलिननं चाकाची खुर्ची नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे न्यायला लावली. मागे आश्रमाची गाडी भरून आलेल्या म्हाताऱ्या, त्यांत फिलोमिना, मांडीवर केकचा डबा. रीजिस आईशेजारी बसला. दिवे गेले.

सिनेमा सुरू झाला. हिरो सामान घेऊन गल्लीत येतो, बर्फात आपटतो. लोक हसले. पॉलिन कपाळाला आठ्या घालून गर्दी धुंडाळत होती. "कुठेयस? यातला कुठला तू?" ती कुजबुजली.

"आई, ऐक, मी यात—"

आणि भिंत रीजिसनं भरून गेली.

या टोकापासून त्या टोकापर्यंत रीजिस. जाड भुवया, नाकावरचा तीळ, घामानं चिकटलेले केस. डोळे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जागा शोधतोय. खुर्ची दिसते, चेहरा उजळता उजळता पडतो, ओठ हलतात: "अरे, ही तर घेतलेली जागा." आणि गाडी पुढे. सगळं तळघर हादरलं, स्टश तर खुर्चीवरून खालीच आला.

रीजिसला काही कळेना. हे त्यांनी ठेवलं? त्यानं हळूच आईकडे बघितलं. तिच्या कपाळाला एकही आठी नव्हती.

"हा एवढा मोठा कोण?" तिनं मोठ्यांदा विचारलं.

"मी, आई."

"ते मला दिसलं. तुझ्या तोंडून या सगळ्यांना ऐकवायचं होतं."

आणि तो एकदाच येऊन गेला नाही. हिरोचं प्रेम जमतं, मोडतं, नोकरी जाते, आणि मधूनच भिंतभर रीजिस, अजून जागा शोधतोय. प्रत्येक वेळी खुर्ची, प्रत्येक वेळी मोठ्या अदबीनं वळसा. लॉस एंजेलिसच्या नटानं खुर्ची फेकली, त्याला लोकांनी शिट्ट्या घालून हाकललं. पुन्हा रीजिस आला तेव्हा टाळ्या. पॉलिन हसत होती. शोध संपला होता तिचा, पोरगा सापडला होता, आता ती बाकीच्या विनोदांनाही हसत होती, मोठमोठ्यांदा, डोळे पुसत. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा सिनेमा नुसता बघितला.

"पण हा करतो काय?" मागून फिलोमिना म्हणाली. "नुसत्या चकराच मारतोय!"

पॉलिननं मान वळवली. "जागा शोधतोय. दुसऱ्याची खुर्ची उचलत नाही माझा मुलगा. तुझा दातवाला कुठे लावतो गं गाडी?"

शेवटी, नावं सुरू झाल्यावर, सगळ्यात शेवटचं चित्र आलं: पांढऱ्या गल्लीतून, हातात किल्ली घेऊन, धापा टाकत, तोंडभर समाधान घेऊन चालत येणारा रीजिस. लोक उभे राहिले. रीजिसनं गर्दीत व्हर्नाला शोधलं. मागच्या रांगेतली तिची जागा रिकामी होती. मधूनच उठून गेली होती म्हणे. त्याला वाईट वाटलं. एवढं होऊनही नाही म्हणजे नाहीच.

बाहेर पुन्हा बर्फ भुरभुरत होतं. आईला जेवायला घरी न्यायचं होतं. रीजिसनं तिला गाडीत बसवलं, चढ चढून गल्लीत आणलं. घरापाशी आल्यावर त्यानं बघितलं, सकाळी उपसलेल्या जागेत एक खुर्ची होती. पाय ब्रेकवरून उचलला आणि गाडी पुढे गेली.

"का रे, थांबला का नाहीस?" पॉलिननं विचारलं.

"खुर्ची आहे, आई."

"मग चल पुढे," ती म्हणाली.

चर्चला वळसा घालून ते परत आले. या वेळी व्हर्ना हातात झाडू घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती.

"अरे ए हिरो! किती चकरा मारशील? एक लाल गाडीवाला घुसत होता, त्याला आत्ता हाकलला मी! मला म्हातारीला किती वेळ उभं करशील बर्फात?"

"अगं पण खुर्ची आहे ना तिथे!"

"तुझ्यासाठीच ठेवलीय, गाढवा! सकाळी जागा तशीच उघडी टाकून गेलास. उचल आणि लाव गाडी!"

रीजिस उतरला. खुर्चीजवळ गेला. पिवळं रेक्झिन, पाठीला जुनी काळी पट्टी, आणि वाकलेल्या पायाला नवी. एमिल गेल्यापासून ती गल्लीत कुणासाठी ठेवली गेली नव्हती. त्यानं हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. काही केल्या पुढे जाईना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, वर हसूही येत होतं.

पॉलिननं काच खाली केली. "कुणाची आहे रे?"

"एमिलची."

"मग विचार आधी."

"व्हर्ना," रीजिस म्हणाला, "उचलू?"

"उचल रे बाबा, उचल," व्हर्ना म्हणाली आणि झाडूच्या दांड्यानं नाक पुसल्यासारखं केलं. "आणि आईला घेऊन लवकर वर ये. कोबी-नूडल्स गार होताहेत."

रीजिसनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, तिच्यावरचं बर्फ कोटाच्या बाहीनं पुसलं, आणि रस्ता ओलांडून एमिलच्या पोर्चमध्ये तिच्या जागेवर नेऊन ठेवली. मग येऊन गाडी लावली, आपल्या दारात.